एक पुस्तक, दहा महाविद्यालये: सामायिक ई-पुस्तकांच्या योजनांचा बेंगळुरूतून पाहिलेला इतिहास

तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे ई-संसाधनांचे पान उघडा. महाविद्यालय एखाद्या मोठ्या ग्रंथालय संघाचे सदस्य असेल तर तिथे हजारो संशोधनपत्रिका दिसतील, हजारो ई-पुस्तकेही दिसतील. आता तुमच्या अभ्यासक्रमात 'पाठ्यपुस्तके' या शीर्षकाखाली दिलेले पहिले नाव घ्या आणि त्या यादीत शोधा. बहुतेक वेळा ते सापडणार नाही. सापडलेच तर आवृत्ती जुनी असेल, किंवा एका वेळी एकालाच ते उघडता येईल.

इतके सगळे सामायिक असताना नेमके तेच पुस्तक का नाही? दोष ग्रंथपालाच्या माथी मारणे सोपे आहे, पण या प्रश्नामागे चार दशकांहून मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग बेंगळुरूत घडला, म्हणून या टिपणात आपण बेंगळुरूपासून सुरुवात करू. मधूनमधून पुणे, मुंबई, दिल्ली आणि अमेरिकेतही डोकावावे लागेल.

छापील प्रतीची देवघेव

ग्रंथालय छापील पुस्तक विकत घेते तेव्हा ती प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होते. ती कोणाला द्यायची, किती दिवस द्यायची, शेजारच्या ग्रंथालयाला उसनी द्यायची का, हे ग्रंथालयच ठरवते. प्रकाशकाला विचारावे लागत नाही. आंतरग्रंथालयीन देवघेव ही सगळी व्यवस्था या मालकीवर उभी होती. तिला दोनच गोष्टी लागत: कोणाकडे काय आहे याची यादी, आणि प्रत पोचवायची सोय. यांपैकी यादी हीच नेहमी जास्त अवघड ठरली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

भारतात या विचाराला शिस्त लावली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने आले, आणि १९५७ मध्ये ते बेंगळुरूला स्थायिक झाले. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी इथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. वाचकाला हवे ते पुस्तक मिळवून देणे ही ग्रंथालयाची जबाबदारी आहे, आणि कोणतेही एक ग्रंथालय ती एकट्याने पार पाडू शकत नाही, ही त्यांची भूमिका. म्हणून ते सुटे ग्रंथालय न पाहता ग्रंथालयांचे जाळे पाहत. देशातल्या अनेक ग्रंथपालांच्या पिढ्या या विचारात घडल्या.

१९८१ मध्ये बेंगळुरूत खगोलशास्त्राच्या ग्रंथपालांनी एकत्र येऊन 'फोर्सा' नावाचा मंच उभा केला. कोरमंगलाची भारतीय ताराभौतिकी संस्था, सदाशिवनगरची रामन संशोधन संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशी मोजकी ग्रंथालये त्यात होती. पुढे पुण्याच्या संस्थाही आल्या. कल्पना साधी होती. खगोलशास्त्राच्या पत्रिका महाग. एकाच शहरातल्या दोन संस्थांनी तीच पत्रिका घेण्याऐवजी याद्या एकमेकांना द्यायच्या, आणि हवा तो लेख हव्या त्या संस्थेकडून मागवायचा. ई-पत्रिकांचा काळ आल्यावर याच मंचाने एकत्र वर्गणी भरण्याचाही मार्ग धरला.

फोर्सा टिकला, कारण त्याचे वाचक थोडे होते आणि त्यांच्या गरजा विखुरलेल्या होत्या. एक संशोधक मार्चमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटावरचा लेख मागणार, दुसरा ऑगस्टमध्ये रेडिओ दुर्बिणीवरचा. दोघांना एकाच दिवशी एकच अंक हवा असण्याची शक्यता फार कमी. सामायिक वापराचे सगळे गणित इथे आहे: मागणी वेगवेगळ्या वेळी आली तर एक प्रत अनेकांना पुरते.

शहरांच्या पातळीवर मात्र हे इतके जमले नाही. १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या 'निस्सॅट' योजनेच्या मदतीने बेंगळुरूत बालनेट, मुंबईत बोनेट, पुण्यात पुणेनेट अशी ग्रंथालय जाळी उभी राहिली. दिल्लीचे डेलनेट त्याआधीच, १९८८ मध्ये सुरू झाले होते. त्यांतले डेलनेट वाढले आणि देशभर पसरले. बाकीच्यांची नावे आज ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ करावी लागतात. संगणक आले होते, पण प्रत्येक ग्रंथालयाची नोंद करण्याची पद्धत वेगळी होती आणि जुन्या कार्डांवरच्या नोंदी संगणकात भरायला माणसे नव्हती. पुन्हा यादीच आडवी आली.

याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने मोठे पाऊल उचलले. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेखालचा प्रकल्प म्हणून इन्फ्लिबनेट सुरू झाले, १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले, आणि आज त्याचा कारभार गांधीनगरहून चालतो. आधी संघतालिका, म्हणजे सगळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांची एकत्र यादी, हे त्याचे मुख्य काम होते. पुढच्या सगळ्या खरेदीत तुम्हाला हे नाव भेटत राहील.

पहिला मार्ग: स्वतःच स्कॅन करू

एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी बेंगळुरूतून एक धाडसी कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी, ज्यांना १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता, त्यांनी दहा लाख पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली करण्याचा प्रकल्प मांडला. चीन आणि भारत त्यात मोठे भागीदार. भारतातली बाजू भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक एन. बालकृष्णन यांनी सांभाळली. तिचे नाव डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. सप्टेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे संकेतस्थळ खुले झाले. हैदराबाद आणि अलाहाबादच्या माहिती तंत्रज्ञान संस्था, तिरुपती देवस्थान अशा नाना ठिकाणी स्कॅनिंगची केंद्रे चालली.

कामाचा आवाका खरोखर मोठा होता. २००७ च्या अखेरीस या जागतिक प्रकल्पाने पंधरा लाख पुस्तकांचा टप्पा ओलांडल्याचे कार्नेगी मेलनने जाहीर केले. एखादे १९२० सालचे मराठी पुस्तक, जे बघायला पूर्वी पुण्या-मुंबईची वारी करावी लागे, ते बेंगळुरूतल्या किंवा बडोद्यातल्या मराठी माणसाच्या पडद्यावर येऊ लागले. याचे मोल कमी लेखू नका.

पण ते पुस्तक सापडायचे कसे? शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली होती आणि ती टंकणाऱ्याला पुष्कळदा ती भाषा येत नसे. मराठीत 'ज्ञ' हे एक अक्षर आहे. रोमनमध्ये कोणी ते जी-एन-वाय लिहितो, कोणी जे-एन, कोणी डी-एन-वाय. 'ळ' साठी तर वेगळे चिन्हच नाही. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन केंद्रांवर दोन स्पेलिंगांनी नोंदल्या जात, दोन्ही स्कॅन होत, आणि तुम्ही तिसऱ्या स्पेलिंगने शोधलेत तर दोन्ही सापडत नसत. पुस्तक एकेका पानाच्या चित्राच्या रूपात उघडे. भारतीय लिप्यांतला छापील मजकूर ओळखणारी चांगली आज्ञावली तेव्हा नव्हती, म्हणून आतल्या मजकुरात शोध घेणेही शक्य नव्हते. स्कॅनर चालवायला पैसे मिळाले, नोंदी करायला जाणकार माणसे मिळाली नाहीत. माझ्या मते या प्रकल्पाचे सर्वांत मोठे नुकसान तांत्रिक बिघाडाने झाले नाही, या काटकसरीने झाले.

दुसरी अडचण कायद्याची. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. स्कॅन झालेल्या पुस्तकांत अशी अनेक होती ज्यांचे हक्क अजून संपले नव्हते. २०१७ च्या सुमारास हक्कांच्या तक्रारींमुळे मूळ संकेतस्थळ बंद पडले. सुदैवाने त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर नेल्या गेल्या आहेत, त्याच वेड्यावाकड्या शीर्षकांसकट. जुने मराठी पुस्तक तिथे शोधताना दोन-तीन स्पेलिंगे वापरून पाहा, हा सल्ला आजही कामाचा आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात एक वाट ठेवली आहे. ज्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीच आहे, त्याची डिजिटल प्रत बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी ठेवू शकते. 'जतनासाठी' हा शब्द नीट वाचा. दहा महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना वाटण्यासाठी, असे त्यात म्हटलेले नाही.

तेव्हा स्कॅनिंगच्या मार्गाने जुने साहित्य मिळाले. चालू पाठ्यपुस्तक त्या मार्गाने येणे शक्यच नव्हते.

दुसरा मार्ग: मिळून विकत घेऊ

जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. परदेशी पत्रिकांची वर्गणी डॉलरमध्ये भरायची असल्याने विद्यापीठांचे ग्रंथालयाचे अंदाजपत्रक एका रात्रीत तोकडे पडले, शिवाय प्रकाशक दरवर्षी दर वाढवत होतेच. पुढची दहा वर्षे देशभरातल्या विद्यापीठांत पत्रिका बंद करण्याच्या याद्या तयार होत राहिल्या.

या कोंडीतून संघ, म्हणजे कन्सॉर्शियम, जन्मले. २००३ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाने इंडेस्ट हा संघ स्थापन केला. त्याचे मुख्यालय दिल्लीच्या आयआयटीत. सगळ्या आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, एनआयटी अशा संस्थांसाठी मंत्रालय पैसे भरणार, आणि बाकीची अभियांत्रिकी महाविद्यालये स्वतःच्या खर्चाने पण संघाच्या सवलतीच्या दरात सामील होऊ शकणार. २००५ च्या अखेरीस त्याच्या नावात एआयसीटीई जोडले गेले. विद्यापीठांसाठी आयोगाचा यूजीसी-इन्फोनेट संघ डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाला. त्याचेही उद्घाटन कलामांनीच केले.

या सगळ्या संघांचे पहिले पाऊल पत्रिकांचे होते, पुस्तकांचे नाही. पत्रिका हा प्रवाह आहे: दरवर्षी वर्गणी भरली की नवे अंक येत राहतात. प्रकाशकाला एका संघाशी एक करार करून शंभर संस्थांना एकदम दार उघडून देणे परवडते, कारण त्यांतल्या बहुतेक संस्था ती पत्रिका आधी घेतच नव्हत्या. त्याचे काही बुडत नाही. पाठ्यपुस्तकाचे उलट आहे. ते विद्यार्थी स्वतः विकत घेतो. ग्रंथालयाने ते सर्वांना अमर्याद खुले केले तर दुकानातला खप बुडतो. म्हणून पाठ्यपुस्तकांचे मोठे प्रकाशक ई-पुस्तकांचे संच विकताना आपली चालणारी पाठ्यपुस्तके बहुधा त्यातून वगळतात. संचात उरतात ते संशोधनपर ग्रंथ, परिषदांची इतिवृत्ते, हस्तपुस्तिका. चांगली पुस्तके आहेत ती, पण तुमच्या चौथ्या सत्राच्या पेपरची नव्हेत.

आणखी एक सरकारी कारण होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मान्यतेच्या निकषांत ई-पत्रिकांची वर्गणी हा मुद्दा आला. निकषात जे मोजले जाते त्यावर व्यवस्थापन खर्च करते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आयट्रिपलईची पत्रिका किती वाचतो, हे कोणी विचारले नाही.

पुस्तके खऱ्या अर्थाने आली ती एन-लिस्टमध्ये. २०१० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांना वर्षाला पाच हजार रुपयांच्या आसपास नाममात्र शुल्कात सहा हजारांहून जास्त पत्रिका आणि, पुढे वाढत वाढत, सुमारे दोन लाख ई-पुस्तके मिळू लागली. साताऱ्याच्या किंवा धारवाडच्या कला महाविद्यालयासाठी हा मोठाच बदल होता. पण योजनेतून अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी, व्यवस्थापन, औषधनिर्माण अशी महाविद्यालये वगळली होती. त्यांच्यासाठी वेगळ्या यंत्रणा आहेत असे गृहीत धरले होते. भारतीय भाषांतली पुस्तकेही इंग्रजी प्रकाशकांच्या संचांत जवळजवळ नव्हतीच.

कर्नाटकात ही वेगळी यंत्रणा विद्यापीठाने उभी केली. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, मुख्यालय बेळगावात, पण संलग्न महाविद्यालयांचा मोठा हिस्सा बेंगळुरूत. यांतली बहुतेक खाजगी, म्हणजे सरकारी पैशाच्या बाहेरची. या विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांचा संघ बांधला, प्रत्येकाचा वाटा गोळा केला आणि पत्रिकांबरोबर ई-पुस्तकांचेही संच एकत्र घेतले. एकट्या महाविद्यालयाला प्रकाशकाशी घासाघीस करता येत नाही. विद्यापीठ बोलले की विक्रेता बसून ऐकतो. नियोजनाच्या दृष्टीने देशातल्या इतर संलग्नक विद्यापीठांनी पाहावे असे हे उदाहरण आहे. तरीही पाठ्यपुस्तकाची अडचण त्याने सुटली नाही, आणि का सुटली नाही हे समजायला थोडे गणित करावे लागेल.

परीक्षेच्या आठवड्याचे गणित

समजा बेंगळुरूतली दहा महाविद्यालये एकत्र आली. सगळी एकाच विद्यापीठाला संलग्न, एकच अभ्यासक्रम, एकच वेळापत्रक. प्रत्येकात एका शाखेचे १२० विद्यार्थी, म्हणजे एकूण १,२००. सर्वांना 'सिग्नल्स अँड सिस्टीम्स'चे तेच पुस्तक हवे. (आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.)

ई-पुस्तकाचे परवाने साधारण तीन प्रकारचे असतात: एका वेळी एकच वाचक, एका वेळी ठरावीक वाचक, आणि अमर्याद. संघाने काटकसर म्हणून पहिला परवाना घेतला. एकेका वाचकाला दोन तास पुस्तक दिले, दिवसरात्र एक मिनिट वाया घालवले नाही, तरी दिवसाला १२ जणांनाच ते मिळेल. परीक्षेआधीच्या दहा दिवसांत १२० जणांना. बाकीचे १,०८० विद्यार्थी पडद्यावर 'हे पुस्तक सध्या वापरात आहे' एवढेच वाचतील. तीन वाचकांचा परवाना घेतला तरी ३६० जणांचे भागेल, आणि तेही प्रत्येकी दोनच तास.

फोर्साशी याची तुलना करा. तिथे मागणी वर्षभर विखुरलेली होती. इथे एकाच आठवड्यात एकाच पुस्तकावर सगळे तुटून पडतात. महाविद्यालये जितकी जास्त जोडाल तितकी गर्दी वाढते, पण रिकामा वेळ वाढत नाही. संलग्नक विद्यापीठाची जी गोष्ट खरेदीत बळ देते, म्हणजे सगळ्यांचा एकच अभ्यासक्रम, तीच सामायिक वापराच्या मुळावर येते. परदेशी विद्यापीठांच्या योजना जशाच्या तशा इथे लावताना हा फरक हमखास सुटतो.

छापील काळातल्या ग्रंथपालांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात बुक बँक असे: त्याच पुस्तकाच्या चाळीस-पन्नास प्रती, सत्राच्या सुरुवातीला वाटायच्या, परीक्षेनंतर परत घ्यायच्या. आंतरग्रंथालयीन देवघेव संदर्भग्रंथांसाठी, बुक बँक पाठ्यपुस्तकांसाठी. दोन गरजा, दोन व्यवस्था. ई-पुस्तकांच्या नियोजनात आपण दोन्ही एकाच संचात कोंबल्या.

अमेरिकेत ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या तीसहून अधिक विद्यापीठ व महाविद्यालय ग्रंथालयांच्या ऑर्बिस कॅस्केड या संघाने २०११ मध्ये एक वेगळी पद्धत वापरून पाहिली. न विकत घेतलेल्या हजारो ई-पुस्तकांच्या नोंदी सर्वांच्या तालिकेत आधीच घालायच्या. वाचकाने पुस्तक उघडले की संघ प्रकाशकाला थोडे भाडे देणार. ठरावीक वेळा भाडे दिल्यावर ते पुस्तक आपोआप खरेदी होणार आणि सर्व ग्रंथालयांचे होणार. किंमत अर्थात एका प्रतीच्या काही पट. कोणते पुस्तक घ्यायचे हे समिती ठरवत नाही, वाचकाच्या वापरातून ठरते. कल्पना आकर्षक आहे. पण तिथे प्रत्येक प्राध्यापक आपले पुस्तक स्वतः निवडतो, त्यामुळे मागणी फुटलेली असते. शिवाय २०१४ च्या सुमारास अनेक प्रकाशकांनी अल्पमुदतीच्या भाड्याचे दर चढवले आणि अशा योजनांचे अंदाजपत्रक कोलमडू लागले. मालकी नसलेल्या वस्तूचे भाडे उद्या किती असेल, हे भाडेकरू ठरवत नाही.

मग विद्यार्थी काय करतात? झेरॉक्सच्या दुकानात जातात. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर अभ्याससंचांबद्दल दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आधी सप्टेंबरमध्ये एका न्यायमूर्तींनी आणि मग डिसेंबरमध्ये खंडपीठाने, शिक्षणाच्या ओघात अभ्यासासाठी केलेल्या अशा प्रतींना कायद्यात वाव आहे असे मानले. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडला. हा निकाल छापील उताऱ्यांच्या संचांबद्दलचा होता. ई-पुस्तकात प्रश्न निराळा होतो, कारण तिथे ग्रंथालयाने परवान्याच्या करारावर सही केलेली असते: किती पाने उतरवून घेता येतील, दुसऱ्या ग्रंथालयाला देता येईल का, हे करारात लिहिलेले असते. छापील प्रत उसनी देताना जी परवानगी लागत नव्हती, ती आता आगाऊ विकत घ्यावी लागते.

मार्च २०२० नंतर

टाळेबंदीत ग्रंथालये बंद झाली तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. संघांचा प्रवेश बहुतांश संकुलाच्या आयपी पत्त्यावर चालत असे. महाविद्यालयाच्या जाळ्यात असाल तरच दार उघडणार. घरी, गावी बसलेल्या विद्यार्थ्याला ई-पुस्तक छापील पुस्तकाइतकेच लांब होते. इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' ही ओळखपडताळणीची व्यवस्था आधीपासून होती, पण अनेक महाविद्यालयांनी ती जोडून घेतली ती याच काळात. आता दूरस्थ लॉगिन नेहमीचे झाले आहे.

तिसरा मार्गही याच सुमारास दिसू लागला. २०२१ पासून काही महाविद्यालयांत मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आणि त्यासाठी एआयसीटीईने पाठ्यपुस्तके लिहवून, भाषांतरित करवून 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर मोफत ठेवली. इथे पैसे लेखक आणि भाषांतरकाराला एकदाच दिले जातात. नंतर १२ जणांनी वाचले काय आणि १,२०० जणांनी वाचले काय, खर्च तोच. परीक्षेच्या आठवड्याचे गणित सुटते ते अशाच व्यवस्थेत. पुस्तकांची भाषा काही ठिकाणी जड आहे, पारिभाषिक शब्द अडतात, आणि विषय अजून थोडे आहेत. पण ही सुधारण्यासारखी उणीव आहे. एका वेळी एक वाचक ही अट सुधारता येत नाही.

दरम्यान खरेदीचा मोठा मार्ग आणखी मोठा झाला. २०१५ च्या अखेरीस इंडेस्ट, यूजीसी-इन्फोनेट आणि एन-लिस्ट एकत्र करून ई-शोधसिंधू झाले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० शासकीय संस्था, जवळपास १.८ कोटी वाचक. सरकारी संस्थांतल्या संशोधकांसाठी ही मोठी सोय आहे. त्यातही सामायिक झाल्या त्या पत्रिका, आणि खाजगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात बाहेर आहेत. बेंगळुरूतल्या बहुसंख्य अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना या आकड्यांतून त्यांचे पाठ्यपुस्तक मिळालेले नाही.

या सगळ्या नियोजनात तुमचे मत कुठे नोंदले जाते? 'काउंटर' नावाची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्याप्रमाणे प्रकाशक ग्रंथालयांना वापराचे अहवाल देतात, आणि पुढच्या वर्षी काय घ्यायचे हे संघाच्या बैठकीत ते अहवाल समोर ठेवून ठरते. त्यांत पुस्तकांसाठी नाकारलेल्या प्रवेशांचा एक वेगळा अहवाल असतो. त्यात दोन कारणे वेगवेगळी मोजतात: ग्रंथालयाकडे परवानाच नव्हता, किंवा परवाना होता पण वाचकांची मर्यादा भरली होती. पहिला आकडा मोठा असेल तर पुस्तक घ्यायला हवे. दुसरा मोठा असेल तर परवाना वाढवायला हवा. ग्रंथालयाच्या पानावरून पुस्तक उघडायचा प्रयत्न करून तुम्ही अडलात, तर त्या अडण्याची तिथे नोंद होऊ शकते. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उघडलीत तर होत नाही, आणि बैठकीपुरते त्या पुस्तकाला मागणी शून्य असते.